जुना कॉम्प्युटर: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?



गेल्या दोन महिन्यांत आमच्या तीन गटांच्या बैठकांत एकाच विषयाचे अर्ज आले. घरचा कॉम्प्युटर जुना झालाय, चालत नाही, नव्यासाठी अंतर्गत कर्ज मिळावं. एका ताईंनी ३८ हजार मागितले, दुसऱ्या ताईंनी ३५ हजार. तिसऱ्या काकूंनी रकमेच्या जागी लिहिलं होतं, 'दुकानदार सांगेल तेवढे.' सगळ्या बाया हसल्या, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. शेळी घ्यायची तर आपण दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो, आणि मग भाव पाडतो. कॉम्प्युटरचं नाव आलं की मात्र समोरचा म्हणेल ती पूर्व दिशा. म्हणून आज कॉम्प्युटरचे दात कसे बघायचे, ते बोलू.

मी काही इंजिनीअर नाही. बी. ए. केलंय, एमएस-सीआयटी केलंय, आणि गटांचे हिशोब कॉम्प्युटरवर चढवता चढवता पाच-सात जुनी डबडी हाताखालून गेली आहेत. तेवढ्या अनुभवावर सांगते.

पहिला प्रश्न असा, की 'चालत नाही' म्हणजे नेमकं काय होतंय? विहिरीवरची मोटर चालत नाही म्हटलं तर मिस्तरी लगेच नवी मोटर आणायला सांगत नाही. फ्यूज बघतो, कपॅसिटर बघतो, वाइंडिंग जळलंय का बघतो. तसंच इथं. बटण दाबलं तर दिवाच लागत नाही, हे एक दुखणं. लागतो, पण सुरू व्हायला चहा होऊन जातो, हे दुसरं. सुरू होतो आणि अर्ध्या तासानं आपोआप बंद पडतो, हे तिसरं. सगळं चालतं, पण बँकेची नाहीतर सरकारी साईट उघडत नाही, हे चौथं. चारींचं कारण वेगळं आणि खर्चही वेगळा.

त्या तिसऱ्या काकूंचं हे चौथं दुखणं होतं. मुलाचा महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि पानच उघडेना. 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं इंग्रजीत यायचं. एका दुकानदारानं फोनवरच सांगून टाकलं, मशीन जुनं झालं, बदला. आम्ही घरी जाऊन बघितलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. कॉम्प्युटरच्या आत घड्याळासाठी एक नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की लाइट गेली रे गेली, मशीन आपली तारीख विसरतं. आणि तारीख चुकीची असली की सुरक्षित साईटचं प्रमाणपत्र त्याला जुळत नाही, म्हणून तो दार उघडत नाही. सेल आणला ४० रुपयांचा, त्याच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. तारीख लावली आणि अर्ज भरला. काकूंनी कर्जाचा अर्ज मागं घेतला. दर वेळी इतकं स्वस्तात निभावत नाही, पण तारीख आधी बघायला पैसे पडत नाहीत.

मधेच बंद पडणाऱ्या मशीनचं कारण बहुतेक वेळा उष्णता असतं. आपल्याकडं धूळ, पिठाची गिरण, चुलीचा धूर. आतला पंखा धुळीनं गच्च होतो, मशीन तापतं आणि स्वतःला वाचवायला बंद होतं. त्यात आपण विणलेलं, मोत्यांची झालर लावलेलं कव्हर घालून ठेवतो. ठेवा, हौसेनं केलेलं आहे, पण मशीन चालू असताना काढत जा बाई. प्लग काढून, डबा उघडून, मऊ ब्रशनं धूळ काढायची. पंखा बोटानं धरून साफ करायचा, गरगर फिरू द्यायचा नाही. आत हात घालायची भीती वाटत असेल तर दुकानात साफ करून घ्या.

आता सगळ्यात जास्त तक्रार असते ती हळू चालण्याची. इथं दोन शब्द समजून घ्या, रॅम आणि हार्डडिस्क. रॅम म्हणजे आपला स्वयंपाकाचा ओटा, आणि हार्डडिस्क म्हणजे माळा. ओटा लहान असला तर भाजी चिरताना पोळपाट खाली ठेवावा लागतो. सामान माळ्यावर असलं तर प्रत्येक डब्यासाठी शिडी लावून चढायचं. जुन्या हार्डडिस्कमध्ये खरोखरच एक चकती गरगर फिरते आणि एक काडी तिच्यावर माहिती शोधत हिंडते. एसएसडी नावाची नवी जी वस्तू आलीय तिच्यात फिरणारं काहीच नाही. माळा नाही, शिडी नाही. सगळे डबे हाताशी, फळीवर.

तुमच्या मशीनचं दुखणं ओट्याचं आहे की माळ्याचं, हे घरबसल्या कळतं. विंडोज १० असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. खाली 'मोअर डिटेल्स' दिसलं तर त्यावर क्लिक करा. वर मेमरी आणि डिस्क यांच्या खाली टक्के दिसतात. तुम्ही फार काही करत नसताना, सुरू करून दहा मिनिटं होऊन गेल्यावरही, डिस्क शंभर टक्क्यांवर अडकून बसली असेल तर माळ्याचं दुखणं. दोन-तीन पानं उघडल्याबरोबर मेमरी नव्वदच्या वर जात असेल तर ओट्याचं. हे आकडे कागदावर लिहून ठेवा. दुकानात उपयोगी पडतात.

३८ हजार मागणाऱ्या ताईंचं मशीन २०१४ सालचं. आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. घरात काम काय? नववीतल्या मुलीचा अभ्यास, गटाचा रोजमेळ आणि बचतीची खतावणी एक्सेलमध्ये, पापडाच्या पाकिटांची लेबलं, कधी विजेचं बिल भरणं. सुरू व्हायला सहा मिनिटं लागायची. बघितलं तर डिस्क शंभर टक्के. आम्ही २५६ जीबीची एसएसडी बसवली २,४०० रुपयांना, जुनी ४ जीबीची रॅमपट्टी मिळाली ६०० ला, सेल ४० रुपये, साफसफाई, विंडोज नव्यानं घालणं आणि मजुरी ७००. झाले ३,७४० रुपये. हा आमच्या तालुक्यातल्या त्या आठवड्याचा भाव. तुमच्याकडं वेगळा असेल, शिवाय २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे आणि एसएसडीचे भाव चढलेत, तेव्हा दोन दुकानांत विचारा. मशीन आता मिनिटाच्या आत सुरू होतं.

नवं घेतलं असतं तर? आमच्या गटाचा दर महिन्याला शेकडा २ रुपये, उरलेल्या मुद्दलावर. ३८ हजार वीस महिन्यांत फेडायचे तर मुद्दल महिन्याला १,९०० आणि पहिल्या महिन्याचं व्याज ७६०. म्हणजे पहिला हप्ता २,६६० रुपयांचा. वीस महिन्यांचं व्याज मोजलं तर ७,९८० होतं. नुसत्या व्याजातच दोन वेळा दुरुस्ती झाली असती. हा हिशोब मी बैठकीत फळ्यावर मांडला, तेव्हा ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात माझी दुसरी म्हैस आली असती." म्हैस काही ३८ हजारात येत नाही, पण त्यांचा मुद्दा सगळ्यांना कळला.

दुरुस्तीत पैसा कुठं घालायचा, याचं माझं एक मत आहे. जी वस्तू पुढं उपयोगी पडते तिच्यावर खर्च करावा. एसएसडी उद्या दुसऱ्या मशीनमध्ये लावता येते, नाहीतर डबीत घालून मोठ्या पेनड्राइव्हसारखी वापरता येते. रॅमचं तसं नाही. जुन्या मशीनला डीडीआर-थ्री लागते, त्याच्या पुढच्याला डीडीआर-फोर. दोघींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. म्हणून जुन्या मशीनला नवी कोरी महागडी रॅम घेऊ नका, जुनी चांगली पट्टी बघा.

आता विंडोजचं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, पडणारही नाही. फक्त नवी चोरवाट सापडली तर ती बुजवायला कंपनी येणार नाही. घरगुती वापरकर्त्यांनी नाव नोंदवलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, असं कंपनीनं जाहीर केलंय. विंडोज ११ सगळ्या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही. इंटेलचं मशीन असेल तर आठव्या पिढीपासून पुढचं लागतं, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. पिढी ओळखायची खूण सोपी आहे. सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडा, तिथं आय-थ्री किंवा आय-फाइव्हच्या पुढं आकडा असतो. ४१३० म्हणजे चौथी पिढी, ८१०० म्हणजे आठवी, १०१०० म्हणजे दहावी.

म्हणजे आमच्या ताईंचं मशीन चौथ्या पिढीचं, त्याच्यावर विंडोज ११ नाही. मग दुरुस्ती फुकट गेली का? मला तसं वाटत नाही. बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करायचे नाहीत, ते फोनवर करायचे, असं ठरवलं. वर्षभरानं लिनक्स मिंट घालायचा विचार आहे. ते फुकट मिळतं, जुन्या मशीनला झेपतं, त्यात मराठी टाइप होतं, हिशोबाला लिब्रे ऑफिस मिळतं. अडचण एकच, टॅली त्याच्यावर सरळ चालत नाही, आणि काही जुने प्रिंटर फार छळतात. टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आणि कुणी 'जुगाड करून विंडोज ११ बसवून देतो, पाचशे द्या' म्हणालं तर नको म्हणा. पुढचं अपडेट आलं नाही तर तो माणूस फोन उचलत नाही.

मग बदलायचा कधी? ३५ हजारवाल्या ताईंची गोष्ट घ्या. त्यांचं मशीन कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, पंधरा वर्षांचं. डबा उघडला तर मदरबोर्डवरचे तीन कपॅसिटर फुगून वर आलेले. शिजून फुगलेल्या चवळीसारखे दिसतात, एकदा बघितले की विसरत नाही. मुख्य म्हणजे ह्या ताईंचं पोट त्या मशीनवर आहे. गावातल्या पोरांचे प्रवेशाचे अर्ज, बायोडाटा, लग्नपत्रिकेचा मजकूर, झेरॉक्स. दहावी-बारावीचा निकाल लागल्यावर मशीन चार दिवस बंद पडलं तर गिऱ्हाईक तालुक्याला जातं, आणि एकदा गेलेलं परत येईल याची खात्री नाही. लोकांचे आधार नंबर आणि बँकेचे कागद ज्या मशीनवर उघडतात, ते सुरक्षा बंद झालेल्या विंडोजवर ठेवणंही बरोबर नाही. इथं जुना मदरबोर्ड शोधून लावणं म्हणजे कुजलेल्या वाशावर नवी कौलं. आम्ही बदलायचं ठरवलं.

पण बदलायचं म्हणजे ३५ हजारच, असं नाही. मोठ्या कंपन्या आपले कॉम्प्युटर काही वर्षांनी काढून टाकतात, ते साफ करून, तपासून विकतात. दुकानदार त्याला रिफर्बिश्ड म्हणतात. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, पक्कं बिल आणि एक वर्षाची हमी, असं १६,५०० ला मिळालं. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, यूपीएस जुनंच ठेवलं. मॉनिटरची निळ्या टोकाची जुनी वायर नव्या मशीनला बसेना, मध्ये लावायला एक जोडणी घ्यावी लागली. हे आधी विचारून घ्या, नाहीतर घरी आल्यावर संध्याकाळी परत एसटी धरावी लागते. अकरा महिन्यांत फेड, मुद्दल महिन्याला १,५००, एकूण व्याज १,९८०. कमाईतून हप्ता निघतोय, म्हणून गटानं एकमतानं मंजूर केलं.

तेव्हा मशीनचं वय बघून निर्णय करू नका. ते काम काय करतं, आणि बंद पडलं तर कुणाचं किती अडतं, ते बघा. घरगुती कामाच्या मशीनचा मदरबोर्ड धड असेल तर आधी दुरुस्ती. मदरबोर्ड गेला असेल, किंवा जे काम करायचंय ते त्याच्यावर चालतच नसेल, तर बदला. आणि दुरुस्तीचा खर्च हमीच्या वापरलेल्या मशीनच्या निम्म्यावर जायला लागला तर मी हात आखडता घेते. दुकानदार तुलना नेहमी नव्या कोऱ्या मशीनशी करून देतो, तिथं फसगत होते.

मुली लॅपटॉपच मागतात. लाइट जाते तिथं त्याचा उपयोग आहेच, नाही म्हणत नाही. पण काही पातळ लॅपटॉपची रॅम आत डाखलेली असते, वाढवता येत नाही. घेतानाच विचारा की रॅम वाढेल का, बॅटरी बदलून मिळेल का.

एक गोष्ट मात्र दुरुस्ती असो की नवं, आधी करायची. माहितीची प्रत काढायची. हार्डडिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल तर आजच, रेडिओ बंद करून. मुलांचे फोटो, दाखले, गटाचे ठराव, हिशोब, सगळं एका पेनड्राइव्हवर आणि शिवाय दुसऱ्या एका ठिकाणी. आणि इथं मराठी लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपण गटाची नियमावली, ठराव टाइप करून घेतले ते श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारख्या फाँटमध्ये. तो फाँट ज्या मशीनवर नाही तिथं ती फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. घाबरू नका, मजकूर गेलेला नसतो. पण जुनं मशीन मोडण्याआधी त्याच्यावरच फाइल उघडा, पीडीएफ करून घ्या, छापून घ्या, आणि जमेल तेव्हा युनिकोडमध्ये बदलून घ्या. आमच्या एका गटाचा पहिला ठराव आणि पहिल्या दहा सभासदांची नावं अशीच एका जुन्या मशीनमध्ये होती. त्यातल्या दोघी आज हयात नाहीत. दुकानदाराच्या लेखी ती फक्त एक फाइल होती.

दुकानात जाल तेव्हा अजून एक होतं. हप्ता तुम्ही भरणार, कर्ज तुमच्या नावावर, आणि दुकानदार बोलतो तुमच्या मालकांशी नाहीतर मुलाशी. बोलू दे. तुम्ही कागद काढायचा. 'डिस्क शंभर टक्के दाखवतेय, प्रोसेसर अमुक पिढीचा आहे, एसएसडी बसवून किती होतील ते लिहून द्या.' एवढं म्हटलं की खुर्ची तुमच्याकडं वळते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बिलावर वस्तूचं नाव, नंबर आणि हमीची मुदत लिहून घ्या. मशीन दुकानात सोडून यायचं असेल तर आत काय काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

आणि काढलेली जुनी हार्डडिस्क परत मागून घ्या. 'तिचं काय करता ताई, राहू द्या की' म्हणतील. नाही राहू द्यायची. तिच्यात सभासदांचे आधारचे फोटो आहेत, पासबुकं आहेत. डिलीट केलं म्हणजे पुसलं असं नसतं, जाणकार माणूस बरंच काही परत काढू शकतो. आमच्या गटांनी ठराव केलाय, जुनी डिस्क गटाच्या पेटीत, वहीत नोंद करून.

उरलेला सांगाडा भंगारात देताना जपून. तांब्यासाठी वायरी जाळतात, तो धूर विषारी असतो. जुन्या डबा-मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, तो फोडू नका, पोरांना खेळायला देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झालेत, त्यात असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडंच जायला हवा. नवं मशीन घ्याल तिथंच विचारा, जुनं परत घेता का, आणि घेतलं तर पावती मागा.

तुमच्या टास्क मॅनेजरचे आकडे आणि प्रोसेसरचं नाव लिहून पुढच्या बैठकीत घेऊन या. पुढच्या महिन्यात यूपीएसच्या बॅटरीबद्दल बोलू, त्याच्याही तक्रारी फार आल्यात.